स्पायडरमॅनच्या धुण्यापासून सुरू करा

दिवाळीत फराळाचे डबे भरता भरता धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, मला ते तुमचं सगळं शिकवा ना." मला वाटलं, चकलीची भाजणी. तसं नव्हतं. तिचा मुलगा नववीत आहे. जेवताना तो मार्व्हलच्या सुपरहिरो सिनेमांतला खलनायक थॅनोस आणि मल्टिव्हर्स, म्हणजे समांतर विश्वं, यांशिवाय दुसरं काही बोलत नाही, आणि हिने काही विचारलं की "आई, तुला नाही कळणार" म्हणून ताट उचलून उठतो. माझ्याशी मात्र तासभर वाद घालतो. "तुम्हाला बरं कळतं," ती म्हणाली. आवाजात थोडी असूया होती, ती मला आवडली.

मी त्रेपन्न वर्षांची आहे, एका बँकेत कर्ज विभागात काम करते. हे सुपरहिरो आणि सायन्स फिक्शनचं वेड लागलं सांगलीत, तिसरी-चौथीत. कोपऱ्यावरच्या लायब्ररीत इंद्रजाल कॉमिक्स दिवसाच्या भाड्याने मिळायची. वेताळ म्हणजे फँटम, आणि जादूगार मँड्रेक. वेताळाच्या अंगात कसलीही जादूची शक्ती नाही, बापाकडून मुलाकडे आलेला एक मुखवटा आणि एक शपथ एवढीच त्याची मिळकत, हे मला तेव्हाच फार भारी वाटलं होतं. पुढे दूरदर्शनवर स्टार ट्रेक ही अंतराळयानाची मालिका आली आणि मी कायमचीच गेले. तेव्हापासून जमेल तसं बघत, वाचत आले. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ती शास्त्रोक्त यादी नाही, माझी मतं आहेत. पण एका जावेवर ती तपासून बघितली आहेत, आणि ती टिकली.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये मी नवऱ्याला हट्टाने 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'ला नेलं. तीन तास एक मिनिटाचा सिनेमा. थिएटर गच्च भरलेलं, पोरं शिट्ट्या मारतायत, रडतायत. आमचे हे पहिल्या दहा मिनिटांत माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा जांभळा कोण?" मध्यंतरात समोसा खाल्ला आणि नंतर शांतपणे झोपले. मी चिडले होते, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. मार्व्हल कंपनीच्या एकमेकांत गुंफलेल्या सिनेमांमधला तो बावीसावा. आधीचे एकवीस न बघता तिथे बसवणं म्हणजे ज्या घरातलं कुणीच ओळखीचं नाही, त्या घरी तेराव्याला नेऊन बसवण्यासारखं आहे. सगळे रडतायत आणि तुम्ही खिरीची वाट बघताय.

म्हणून पहिलं सूत्र: सगळ्यात मोठा, सगळ्यात गाजलेला सिनेमा नवख्याला पहिल्यांदा दाखवायचा नाही. आणि दुसरं, जे मुलं हमखास चुकतात: "पहिल्यापासून क्रमाने बघ" असंही सांगायचं नाही. क्रमाने बघणं हा अभ्यास झाला. आपल्याला आधी चव लावायची आहे.

मग निवडायचं कसं? माझी कसोटी एकच आहे. पडद्यावरच्या माणसाची शक्ती मनातल्या मनात काढून घ्या. उडणं, जाळी, चिलखत, सगळं. आता बघा, गोष्ट उरते का? उरत असेल तर नवखा माणूस बसेल. उरत नसेल तर ती आतषबाजी. आतषबाजी मलाही आवडते, पण ती ज्याची त्याने आपल्या हौसेने बघावी, दुसऱ्याला बळेबळे दाखवू नये.

या कसोटीवर मी जावेला पहिला दाखवला तो २००४ चा 'स्पायडरमॅन २'. हो, दुसरा भाग. पहिल्या भागात त्याला कोळी चावतो आणि काका मरतात, ते तोंडी एका वाक्यात सांगून टाकलं. दुसऱ्या भागात पीटर पार्कर हा मुलगा पूर्णपणे कातावलेला आहे. पिझ्झा पोचवायची नोकरी करतो, वाटेत कुणाला तरी वाचवायला लागतं, पिझ्झा उशिरा पोचतो, नोकरी जाते. कॉलेजात उशीर. खोलीचं भाडं थकलेलं. आणि एका दृश्यात तो आपला लाल-निळा पोशाख बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला लावतो आणि पांढऱ्या कपड्यांना रंग लागतो.

जाऊ तिथे खळखळून हसली. "अरे, वेगळं भिजवायचं ना!" त्या क्षणी मला कळलं की आता ही बसणार.

त्यातच एक बँकेचा प्रसंग आहे. मे काकू घर वाचवायला कर्ज मागायला जातात, पीटर सोबत. समोरचा अधिकारी गोड हसून नाही म्हणतो. मी गेली पंचवीस वर्षं ते हसू हसते आहे, त्यामुळे मला तिथे दरवेळी जरा अवघडल्यासारखं होतं. आणि या सगळ्याच्या आधी, पीटरच्या वाढदिवसाला, जप्तीची नोटीस आलेली असताना, त्याच काकू त्याच्या हातात वीस डॉलरची नोट कोंबतात. तो नको म्हणतो. त्या एकदम ओरडतात की घे म्हणून, आणि मग रडायला लागतात. सांगलीला आजीकडून निघताना मुठीत कोंबलेली नोट ज्याला आठवते, त्याला या दृश्याचं भाषांतर करून सांगावं लागत नाही.

मग आगगाडीचा प्रसंग. मुखवटा उतरलेला, दोन्ही हातांनी जाळी ताणून तो भरधाव गाडी थांबवतो आणि बेशुद्ध पडतो. डब्यातले प्रवासी त्याला हातांवर झेलत आत घेतात, खाली निजवतात. चेहरा बघून एक जण म्हणतो की हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलापेक्षा मोठा नसेल. दोन लहान मुलं त्याचा मुखवटा परत आणून देतात आणि आम्ही कुणाला सांगणार नाही म्हणतात. जाऊ काही बोलली नाही. रिमोट घेतला, थोडं मागे नेलं आणि पुन्हा बघितलं. गंमत म्हणजे या सिनेमात मध्येच पीटरची शक्ती खरोखरच जाते, म्हणजे माझी कसोटी सिनेमावाल्यांनी स्वतःच लावून ठेवली आहे.

आता बसण्याची तयारी. हे क्षुल्लक वाटतं, पण निम्मे लोक इथेच गळतात.

आवाज: या सिनेमांत माणसं कुजबुजतात आणि इमारती गर्जत पडतात. घरच्या टीव्हीवर संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पुढच्या मारामारीला शेजारच्या काकांचा फोन येतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये रात्रीचा मोड किंवा संवाद ठळक करण्याचा पर्याय बहुधा असतो, तो आधी शोधून ठेवा.

भाषा: शुद्धतावाद्यांनो, क्षमा करा. पहिल्यांदा हिंदी डब चालतं. जाऊ इंग्रजी छान वाचते, पण खाली अक्षरं वाचायची, वर चेहरे बघायचे आणि मध्ये शेंगा सोलायच्या, हे तीन एकदम होत नाही. मी तिला पहिले दोन हिंदीत दाखवले, तिसऱ्यापासून ती आपणहून मूळ आवाजावर आली. मराठीचं म्हणाल तर २०२३ चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. मुंबई आणि मॅनहॅटन एकमेकांत कालवून केलेलं 'मुंबॅटन' नावाचं शहर त्यात आहे आणि पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडरमॅनही. मी मराठी खेळ शोधायला बसले, तर जवळपासच्या थिएटरात तो दिवसातून एकदाच, तोही कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला. अर्धी रजा टाकून गेले. आम्ही सात जण होतो.

थांबवणं: नवख्याला प्रश्न विचारू द्या, पण दर पाच मिनिटांनी सिनेमा थांबवून व्याख्यान देऊ नका. माझा पुतण्या हेच करतो, आणि म्हणूनच त्याची आई त्याच्याबरोबर बसत नाही. विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्यायचं. "हा कोण?" "याचा मित्र, आता बिघडलाय." पुढे चला.

दुसऱ्या शनिवारी मी अख्खा सिनेमा दाखवलाच नाही. १९७८ च्या 'सुपरमॅन'मधलं एकच दृश्य दाखवलं. बघायचं कसं, ते यातून शिकता येतं. सुपरमॅन लोइस या पत्रकार मैत्रिणीला आकाशात फिरवून आणतो, सोडून जातो, आणि लगेच आपल्या रोजच्या साध्या रूपात, क्लार्क केंट म्हणून दार वाजवतो. चष्मा, वाकलेले खांदे, बावळट हसू. लोइस आतल्या खोलीत तयार होतेय. क्लार्कला वाटतं, सांगून टाकावं. तो चष्मा काढतो. आणि क्रिस्टोफर रीव्ह हा नट फक्त खांदे सरळ करतो. मान वर जाते, छाती भरते, आवाज खाली उतरतो, माणूस दोन इंच वाढल्यासारखा वाटतो. मग धीर सुटतो, चष्मा परत नाकावर, आणि तो पुन्हा आक्रसतो. कुठलीही युक्ती नाही, तारा नाहीत, सगळं अंगाने केलेलं. "चष्म्याने कसा काय ओळखू येत नाही?" ही चेष्टा जगभर चालते. त्या चेष्टेला उत्तर म्हणून मी हे दृश्य दाखवते. जाऊ कॉलेजात एकांकिका करायची. तिने ते दृश्य तीनदा बघितलं आणि उठून आरशासमोर स्वतः करून पाहिलं.

मग आपण मार्व्हलच्या मोठ्या माळेकडे येऊ, कारण मुलं बोलतात ते मुख्यतः त्याबद्दल. २००८ चा 'आयर्न मॅन' हे प्रवेशद्वार, याबद्दल माझं मत कुणी बदलू शकणार नाही. शस्त्रं विकणारा एक उर्मट श्रीमंत माणूस अफगाणिस्तानात पकडला जातो. छातीत धातूचे तुकडे शिरलेत, ते हृदयापर्यंत जाऊ नयेत म्हणून एका सहकैद्याने त्याच्या छातीत विद्युतचुंबक बसवून तो गाडीच्या बॅटरीला जोडलाय. बॅटरी काखेत घेऊन हिंडणारा नायक! त्या गुहेत दोघं मिळून पत्रे ठोकून पहिलं चिलखत बनवतात. लोखंडावर हातोडा, ठण, ठण, ठण. तो आवाज नीट ऐकून ठेवा, असं मी जावेला म्हटलं आणि का ते सांगितलं नाही.

त्यानंतर बावीसच्या बावीस बघायची काहीएक गरज नाही. मी तिला मधले थोडकेच दाखवले. २०१२ चा 'ॲव्हेंजर्स', म्हणजे मंडळींची ओळख होते. २०१४ चा 'विंटर सोल्जर', कारण तो हेरगिरीचा सिनेमा आहे आणि ती हेरकथांवर वाढली आहे. त्यातली लिफ्ट बघा. मजल्यामजल्यावर धट्टीकट्टी माणसं आत येत जातात, कुणी काही बोलत नाही, एकाच्या कपाळावर घाम आहे, आणि नायक कॅप्टन अमेरिकाच्या लक्षात येतं. मारामारीपेक्षा तिच्या आधीचं ते मिनिट जास्त मोलाचं. मग 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी' हसायला, 'ब्लॅक पँथर' कारण त्यातल्या खलनायकाचं म्हणणं निम्मं खरं आहे, 'थॉर: रॅग्नरॉक'. थॉरचे आधीचे दोन तोंडी उरकले. त्यानंतर 'इन्फिनिटी वॉर' आणि 'एंडगेम' एका आठवड्याच्या अंतराने. जास्त अंतर ठेवलं तर रुखरुख विरते, त्याच रात्री दोन्ही बघितले तर डोकं दुखतं.

इथे हमखास येणारा गोंधळ: "ताई, हा स्पायडरमॅन वेगळाच आहे!" आहेच. टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड, टॉम हॉलंड असे तीन झाले. आपल्याकडे नाटकात रिप्लेसमेंट येते तसं समजायचं, भूमिका तीच. यामागे हिशेबाची गोष्ट आहे. नव्वदच्या दशकात मार्व्हल कंपनी आर्थिक गाळात होती, १९९६ साली दिवाळखोरीपर्यंत गेली. त्या काळात पात्रांचे सिनेमाचे हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना विकले गेले. स्पायडरमॅन सोनीकडे, एक्स-मेन फॉक्सकडे. घरातली भांडी सावकाराकडे गेली की एका पंगतीला सगळी कशी मांडणार? पुढे २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा भाग घेतला तेव्हा एक्स-मेन घरी आले. त्यामुळे कुठला सिनेमा कुठल्या ॲपवर, याचं पाठांतर करू नका. नाव टाकून शोधा, ते बदलत राहतं.

मुलावर छाप पाडायची असेल तर एक गंमत पदरी ठेवा. "मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते" हे वाक्य बेन काकांचं, असं प्रत्येक मूल सांगतं. १९६२ च्या मूळ कॉमिकमध्ये, जिथे स्पायडरमॅन पहिल्यांदा आला, तिथे ते काका बोलतच नाहीत. शेवटच्या चौकटीत निवेदकाच्या तोंडी आहे. जावेने हे जेवताना सहज टाकलं. पुतण्याने फोन काढून तपासलं आणि मग जेवण होईपर्यंत आईकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होता.

सायन्स फिक्शनचं मात्र वेगळं आहे. तिथे सिनेमापासून नव्हे, मालिकेच्या एका भागापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. पाऊण तासात संपतं, नाही आवडलं तर फार वेळ गेला असं वाटत नाही. मी 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या पर्वातला 'द मेझर ऑफ अ मॅन' दाखवते. डेटा नावाचा यंत्रमानव जहाजावर अधिकारी आहे. एका शास्त्रज्ञाला तो उघडून अभ्यासायचाय. डेटा राजीनामा देतो. प्रश्न असा की राजीनामा द्यायला तो माणूस आहे का, की जहाजावरच्या कॉम्प्युटरसारखी मालमत्ता? सुनावणी होते, आणि त्याच्याविरुद्ध बाजू मांडायचं काम त्याच्याच मित्रावर येतं. मित्र नाइलाजाने उभा राहतो, डेटाचा हात काढून दाखवतो, आणि शेवटी त्याच्या पाठीवरचं बटण दाबून त्याला बंद करतो. डेटा टेबलावर कोसळतो. मित्राचा चेहरा बघा.

कोर्टाचं नाटक मराठी माणसाला जड जात नाही. दीर सहसा या भानगडीत पडत नाहीत, पण पाणी प्यायला आले ते दारातच उभे राहिले आणि निकाल लागेपर्यंत हलले नाहीत. हा भाग १९८९ चा आहे, हे सांगितल्यावर "तेव्हा आपल्या ऑफिसात टाइपरायटर होते," एवढंच म्हणाले.

नवखे लोक दोन कारणांनी बिचकतात. एक, "आम्हाला विज्ञान कळत नाही." दोन, ज्यांना कळतं ते चुका काढत बसतात. दोघांना माझं एकच सांगणं: प्रत्येक गोष्टीला एक मोठी थाप माफ. त्या थापेनंतर बाकीचं इमानाने चाललंय ना, एवढंच बघा. २०१५ च्या 'द मार्शियन'ची सुरुवात ज्या वादळाने होते, ते तसं होऊच शकत नाही. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथलं वारं यान कलंडवणार नाही. पण त्याशिवाय माणूस एकटा मागे राहणार कसा? थाप माफ. पुढे मात्र तो बटाटे लावतो तेव्हा पाणी, माती, खत, दिवस, सगळ्याचा हिशेब देतो. जाऊ गच्चीत भाज्या लावते. तिने बटाट्याच्या डोळ्यांवरून दोन शंका काढल्या, ज्या मला सुचल्या नव्हत्या.

कधी कधी तर जी थाप वाटते ती काटकसर असते. स्टार ट्रेकमध्ये माणसं चमकत नाहीशी होतात आणि ग्रहावर उगवतात, ते तंत्र कुठल्या शास्त्रज्ञाने सुचवलेलं नाही. दर आठवड्याला यान उतरताना दाखवायला पैसे पुरत नव्हते. १९६६ सालच्या मालिकेच्या खर्चाची ती तोंडमिळवणी.

'इंटरस्टेलर' दुसऱ्या महिन्यात. त्यात पाण्याच्या एका ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. ही थाप नाही. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ वेळ खरंच मंदावते, आणि सिनेमाचे सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण समीकरण कळायची गरज नाही. नायक परत येतो तेव्हा तेवीस वर्षं गेलेली असतात आणि तो मुलांचे साठलेले निरोप एकामागून एक बघतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो, आणि हा खुर्चीत बसून रडतो. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना हे दाखवताना रुमाल जवळ ठेवा. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना मी न सांगता दाखवला, त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि घरात कुणी म्हणालं की हे सगळं परदेशी, तर कपाटातून नारळीकर काढा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून. मिळालंच. पडद्यावर कृष्णविवर बघायच्या कितीतरी आधी मी तो शब्द मराठीत वाचला होता, याचा मला अजून तोरा आहे.

'स्टार वॉर्स'बद्दल दोन वाक्यं. भागांच्या आकड्यांवर जाऊ नका, प्रदर्शनाच्या क्रमाने बघा: १९७७, १९८०, १९८३, आणि हवं असेल तर मग १९९९ पासूनचे. १९७७ चा सिनेमा आला तेव्हा त्याला क्रमांकच नव्हता, 'चौथा भाग' ही पाटी १९८१ मध्ये लागली. आकड्यांच्या क्रमाने गेलात तर १९८० च्या सिनेमातलं गुपित आधीच फुटतं. जावेला ते गुपित माहीत नव्हतं! चाळिशीतल्या माणसाला ते माहीत नसणं हे भाग्य आहे. तिचा चेहरा बघण्यासाठी मी पुतण्याला दोन आठवडे आइस्क्रीम देऊन गप्प ठेवलं.

एक इशारा. सुपरहिरो म्हणजे लहान मुलांचं, असं धरून काहीही लावू नका. 'डेडपूल' आणि 'लोगन' मुलांसमोर नाही म्हणजे नाही. पण 'लोगन' मोठ्यांनी जरूर बघावा. २०१७ चा. त्यात एक्स-मेनमधला पंजेवाला वुल्व्हरिन म्हातारा झालाय, जखमा लवकर भरत नाहीत, आणि तो त्याहून म्हाताऱ्या प्रोफेसरना सांभाळतोय. जगातलं सगळ्यात ताकदवान मन आता विसरतंय, बिघडतंय. वेळेवर गोळ्या द्यायच्या, उचलून गाडीत ठेवायचं, संडासाला न्यायचं, वर बोलणी खायची. सासऱ्यांची शेवटची दोन वर्षं आम्ही दोघी जावांनी मिळून काढली. सिनेमा संपल्यावर तिने दिवा लावला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "गोळी जिभेखाली लपवायचे, आठवतंय?" पंजे आणि रक्त बाजूला काढा, गोष्ट शाबूत राहते.

२०१९ नंतरच्या बहुतेक मालाबद्दल मी फार काही बोलणार नाही. एक सिनेमा कळायला तीन मालिका बघायच्या, हा गृहपाठ झाला. आणि मल्टिव्हर्सने मरणाची भीतीच घालवली. आपल्या हिंदी सिनेमात मेलेल्याचा जुळा भाऊ यायचा, इथे दुसऱ्या विश्वातला येतो. पुतण्या यावर माझ्याशी भांडतो आणि तो माझ्याइतकाच हट्टी आहे. त्यापेक्षा २०२१ चा मल्याळम 'मिन्नल मुरली' बघा. खेड्यातला शिंपी, अंगावर वीज पडते. तीच वीज त्याच गावातल्या आणखी एकावर पडते, ज्याला गावाने कायम हिडीसफिडीस केलंय. एकाच विजेने एक नायक होतो, एक खलनायक. मला तर त्या खलनायकाचंच जास्त वाईट वाटलं.

शेवटची व्यवहाराची गोष्ट: नावं संपेपर्यंत बसायचं की उठायचं? मार्व्हलमध्ये बसायचं. ही सवय 'आयर्न मॅन'नेच लावली, तिथे नावं संपल्यावर ॲव्हेंजर्सना एकत्र आणणारा निक फ्युरी येतो. 'ॲव्हेंजर्स'च्या शेवटी सगळे थकून मुकाट्याने शवर्मा खातात. ते दृश्य सिनेमाचा प्रीमियर झाल्यानंतर घाईत चित्रित केलेलं आहे. कॅप्टनच्या नटाने मधल्या काळात दाढी वाढवली होती, म्हणून तो गालावर हात ठेवून बसलाय. घरी बघताना मात्र ॲप कोपऱ्यात पुढच्या सिनेमाची चौकट काढून परस्पर तिकडे उडी मारतं. ती चौकट येताक्षणी नावं बघत राहण्याचा पर्याय दाबा.

मार्चमध्ये आमचा 'एंडगेम' झाला. जाऊ, पुतण्या आणि मी. हेही आले, उशी घेऊनच. संपल्यावर पुतण्या म्हणाला, "चला, यात शेवटी सीन नाहीये." खरंच नाही. मी काही बोलले नाही, ती चौकट तेवढी बंद केली. नावं वर सरकत राहिली, हे घोरत राहिले. अगदी शेवटी, काळ्या पडद्यावर, लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज आला. ठण. ठण. ठण.

जाऊ ताठ बसली. "ही ती गुहा," ती म्हणाली.

पुतण्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू सांगितलंस?" मी मान हलवली. नाही.